पोस्ट-पंक आणि न्यू वेव्ह: तीच ती दहा नावं सोडून पुढे काय ऐकावं?

कसारा_घाट | ४ ऑगस्ट, रात्री ११:१२

मंडळी, नमस्कार. सहा वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

वय ४७, मुक्काम नाशिक. कॉलेजात मेटालिका, आयर्न मेडन, थोडं पिंक फ्लॉइड. गिटारवाला जितक्या वेगात बोटं फिरवील तितका तो थोर, असा सरळ हिशोब. पुढे नोकरी, लग्न, घराचे हप्ते. पंधराएक वर्षं कानावर नवीन काही पडलंच नाही.

जूनमध्ये मुंबईहून परतताना घाटात कंटेनर आडवा झाला आणि आम्ही अडीच तास जागच्या जागी. भाच्याने फोन गाडीला जोडला आणि जॉय डिव्हिजन या बॅण्डचा 'अननोन प्लेझर्स' हा अल्बम लावला. पंक रॉकच्या पाठोपाठ आलेल्या या संगीताला पोस्ट-पंक म्हणतात, आणि त्याच्या पॉपकडे झुकलेल्या भावंडाला न्यू वेव्ह. बाहेर धुकं, पाऊस, पुढच्या ट्रकचे लाल दिवे. चाल चक्क बेस गिटार सांभाळतेय आणि दुसरी गिटार कडेला उभी राहून नुसती करकरतेय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. घाट मोकळा झाला तेव्हा जरा वाईटच वाटलं.

तेव्हापासून क्युअर, सूझी अँड द बॅन्शीज, बाउहाउस, टॉकिंग हेड्स, ब्लॉंडी, पोलीस, न्यू ऑर्डर, डेपेश मोड, इको अँड द बनीमेन एवढे झाले. आता अडलोय. कुठलीही यादी उघडा, हीच नावं पुन्हा पुन्हा. ऍपला वाटतं मला आयुष्यभर क्युअरच हवंय.

तर पुढे काय ऐकू? तुम्ही नवीन बॅण्ड शोधता कसे? आणि एक विनंती: बायको म्हणते घरात सुतक असल्यासारखं वाटतं, तेव्हा थोडं उजेडातलंही सुचवा.

दोन_आणे | ४ ऑगस्ट, रात्री ११:३०

न्यू वेव्ह वाचून मणि कौल वगैरेंवर चर्चा असेल म्हणून धावत आलो. चुकीच्या थिएटरात शिरलो. असो, तिकीट काढलंय तर बसतो.

खवट | ४ ऑगस्ट, रात्री ११:४१

पंचेचाळीस वर्षांपूर्वीची 'नवी' लाट. आमच्या अलिबागला याला ओहोटी म्हणतात.

टेपडेक | ५ ऑगस्ट, सकाळी ७:५५

उत्तर तुमच्याच तिसऱ्या परिच्छेदात आहे. तुम्हाला बॅण्ड नाही, बेस आवडलाय. मग याद्या सोडा आणि माणसांच्या मागे जा.

तो बेस तसा का वाजतो? तो वाजवणाऱ्या पीटर हूकचा ऍम्प्लिफायर यथातथाच होता. शेजारी बर्नार्ड सम्नरची गिटार सुरू झाली की हूकला स्वतःचे खालचे सूर ऐकू येत नसत, म्हणून तो वरच्या सुरांवर गेला. हे त्यानेच कितीदा तरी सांगितलंय. सामान चांगलं असतं तर ही शैली जन्मालाच आली नसती. त्यामागचा दुसरा हात रेकॉर्डचा निर्माता मार्टिन हॅनेट याचा. १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत त्याने ड्रमचा एकेक भाग सुटा करून रेकॉर्ड केला, त्यावर डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं यंत्र) चढवला आणि वाद्यांमध्ये ऐसपैस जागा मोकळी सोडली. तुम्हाला घाटात जे धुकं ऐकू आलं ते हॅनेटचं. गंमत म्हणजे हूक आणि सम्नर तेव्हा नाराज होते. त्यांना स्टेजवरचा दणका हवा होता.

आता हॅनेटचं बोट धरून चाला. बझकॉक्सने जानेवारी १९७७ मध्ये उसनवारी करून स्वतःच काढलेली 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी त्याचीच. फॅक्टरी रेकॉर्ड्स या लेबलवरचे अ सर्टन रेशो आणि दुरुटी कॉलम हे बॅण्ड. आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या स्क्रॉगिन्स बहिणींचं ईएसजी. पोरी रस्त्यावर भटकू नयेत म्हणून आईने वाद्यं आणून दिली, पोरींनी बेस, ढोल आणि आवाज एवढ्यावर असं काही उभं केलं की पुढे हिपहॉपवाल्यांनी त्यातले तुकडे पोत्याने उचलले. १९८१ ची त्यांची पहिली रेकॉर्डही हॅनेटनेच केली. मँचेस्टरच्या ढगाळ हवेतून तुम्ही तीन उड्यांत ब्रॉन्क्सच्या गच्चीवर. वहिनींचाही प्रश्न सुटला.

दुसरा माणूस: जॉन मॅकगिऑक, गिटारवादक. आधी मॅगझिन, मग सूझी ('जूजू', १९८१), मग पब्लिक इमेज लिमिटेड. एका माणसामागे तीन बॅण्ड.

तिसरा: डेनिस बोव्हेल. रेगे-डबमधला माणूस. १९७९ मध्ये स्लिट्सचा 'कट' आणि ब्रिस्टलच्या पॉप ग्रुपचा 'वाय' दोन्ही त्याच्याच हाताखालून गेले. तो खाली घुमणारा बेस जमैकाहून आलाय, हे एकदा ध्यानात आलं की निम्मं पोस्ट-पंक उलगडतं.

बेसूर_बाळू | ५ ऑगस्ट, सकाळी ९:१०

टेपडेकरावांनी सकाळी आठच्या आत ताट वाढलंय. कोल्हापुरात याला नाष्टा म्हणत नाहीत, पंगत म्हणतात.

माझी व्याख्या, हलकं घ्या: पंक म्हणजे तीन कॉर्ड येतात, चला बॅण्ड काढू. पोस्ट-पंक म्हणजे तेच तीन कॉर्ड, पण मध्ये पुस्तकं वाचून झालीत. न्यू वेव्ह म्हणजे पुस्तकं रद्दीत घालून सिंथेसायझर घेतलाय.

मधुरा_नाही | ५ ऑगस्ट, सकाळी ९:४८

बाळू, शेवटचं वाक्य अन्यायकारक आहे. 'न्यू वेव्ह' हे नाव चिकटलं त्यात दुकानदारीचा हात मोठा. अमेरिकेत पंक म्हटलं की रेडिओवाले दार लावून घेत, म्हणून सायर रेकॉर्ड्सच्या सीमोर स्टाइनने आपल्या न्यूयॉर्कच्या बॅण्डांना हे सोज्वळ नाव पुढे केलं. त्यात टॉकिंग हेड्सही होते. ते काय पुस्तकं रद्दीत घालणारे वाटतात तुम्हाला? 'रिमेन इन लाइट' (१९८०) मध्ये ब्रायन ईनोबरोबर बसून त्यांनी फेला कुटीचा आफ्रोबीट पचवलाय. एकच कॉर्ड धरून आख्खं गाणं, त्यावर तालांचे थर. आपल्याकडे ज्याने लेहरा ऐकलाय त्याला हे समजवावं लागत नाही: खाली एकच आवर्तन फिरतंय, वर काय हवं ते करा.

तेव्हा भिंत घालू नका. एकाच वर्षात एकच माणूस दोन्हीकडे सापडतो.

टेपडेक | ५ ऑगस्ट, सकाळी १०:०२

लेहऱ्याशी सहमत. भिंतीशी नाही. डेपेश मोड आणि पॉप ग्रुप एका ताटात वाढले तर दोघांचीही चव जाते.

मधुरा_नाही | ५ ऑगस्ट, सकाळी १०:०९

डेपेश मोड ज्या म्यूट लेबलवर, ते डॅनियल मिलरने १९७८ मध्ये स्वतःची एक सिंगल काढण्यापुरतं सुरू केलं होतं. एक सिंथ, एक टेपरेकॉर्डर आणि जे. जी. बॅलार्डच्या कादंबरीवरून सुचलेलं कार अपघाताचं गाणं. ते कुठल्या ताटात वाढणार?

खवट | ५ ऑगस्ट, सकाळी १०:१५

वाढा रे कुठेतरी. पाहुणा नाशिकहून उपाशी आलाय.

शॉर्टवेव्ह | ५ ऑगस्ट, दुपारी ३:२०

माझं वय ६७, सांगली. तुम्ही तरुण मंडळी 'शोधता कसे' विचारता म्हणून लिहितो.

आमच्याकडे मर्फीचा रेडिओ होता. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवर जॉन पील यांचा कार्यक्रम लागत असे. शॉर्टवेव्हवर आवाज समुद्रासारखा आत-बाहेर होई. ऐंशीच्या दशकातल्या एका रात्री एक माणूस मागे बेसुरं वाद्य वाजत असताना कुणाला तरी एकसारखा रागावत होता. मला वाटलं दोन स्टेशनं एकमेकांत घुसली. काटा हलवून पाहिला, पण तो रागावतोच आहे. नाव सांगितलं तेव्हा नेमका आवाज गेला.

ते डोक्यात वीस-पंचवीस वर्षं राहिलं. पुढे २००९ च्या आसपास मुलाने संगणकावर काहीतरी लावलं आणि मी स्वयंपाकघरातून ओरडलो, "हाच तो रागावणारा!" बॅण्ड होता द फॉल, माणूस मार्क ई. स्मिथ. पील यांचा सर्वांत लाडका बॅण्ड. चाळीस वर्षांत साठाहून जास्त वादक आले आणि गेले, स्मिथ तेवढे कायम. जानेवारी २०१८ मध्ये गेले तेव्हा मला शेजारचा खडूस म्हातारा गेल्यासारखं वाटलं.

सुरुवात 'दिस नेशन्स सेव्हिंग ग्रेस' (१९८५) पासून करावी. पहिल्यांदा आवडणार नाही.

टेपडेक यांनी बझकॉक्सचा उल्लेख केला त्यावरून आठवलं. तबकडी स्वतः काढायची, वेष्टनावर कितव्या प्रयत्नात गाणं झालं तेही छापायचं, कुणाची परवानगी नाही. आमच्या पिढीला ही गोष्ट परकी वाटली नाही. साठच्या दशकात मुंबईत अशोक शहाणे यांनी 'असो' काढलं, पुढे कित्येकांनी लघुअनियतकालिकं काढली. चार अंक निघायचे आणि बंद पडायचं. त्या बॅण्डांचंही तसंच. बंद पडलं म्हणून फसलं असं नसतं.

दोन_आणे | ५ ऑगस्ट, दुपारी ३:४४

शॉर्टवेव्हकाका, 'हाच तो रागावणारा' यावर ऑफिसात मोठ्याने हसलो. आता मॅनेजर रागावतोय. मागे वाद्य नाही एवढाच फरक.

सासर_लीड्स | ५ ऑगस्ट, रात्री १०:५०

एकोणीस वर्षं लीड्समध्ये आहे, मग गावाची बाजू मांडायला नको?

गँग ऑफ फोर कुणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. इथल्या विद्यापीठातली कलाशाखेची पोरं. 'एंटरटेनमेंट!' (१९७९) लावा आणि फक्त अँडी गिलच्या गिटारकडे लक्ष द्या. सोलो यायची वेळ झाली की तो थांबतो. तिथे भोक. बेस आणि ड्रम तसेच पुढे चालू. ऊबदार आवाज येऊ नये म्हणून व्हॉल्व्हचा ऍम्प टाळायचा, ट्रान्झिस्टरवाला घ्यायचा. गाण्यांचे विषय काय, तर बाजार, फुरसत, टीव्हीवरच्या बातम्या बघत जेवणं. हे सगळं नाचता येईल अशा तालावर. गिल २०२० मध्ये गेला.

त्यांच्याच गोतावळ्यातला डेल्टा ५. कसारा_घाट, तुमच्यासाठी खास: यात दोन बेस गिटार आहेत. दोन! आणि दोन्ही बायकांच्या हातात.

इथल्या जुन्या रेकॉर्ड दुकानात एक आजोबा बसतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा साडी नेसून होते, मंडळाच्या गणपतीहून थेट. त्यांनी न विचारता मॉन्सून या बॅण्डची सिंगल काढून दिली. मी म्हटलं मला इथलेच मेकॉन्स हवेत. आजोबा ओशाळले, मग दोन्ही दिल्या. घरी जाऊन मॉन्सून ऐकली तर बरी निघाली की! शीला चंद्राचा आवाज, सतार, तबला आणि खाली ८२ सालचा ब्रिटिश पॉप. इथे बाराव्या क्रमांकापर्यंत चढली होती. आजोबांना आजतागायत सांगितलेलं नाही.

बेसूर_बाळू | ५ ऑगस्ट, रात्री ११:०५

ताई, गणपतीहून थेट मेकॉन्स. अशी माणसं आहेत म्हणून मंडळं टिकून आहेत.

मृगजळ२२ | ६ ऑगस्ट, रात्री १२:३१

मी इथली सगळ्यात लहान असेन बहुतेक. मला हे सगळं उलट्या बाजूने मिळालं. लॉकडाऊनमध्ये छोट्या व्हिडिओंमागे एक रशियन गाणं वाजायचं, राखाडी इमारती, बर्फ वगैरे. बॅण्डचं नाव मोल्चात दोमा, बेलारूसमधल्या मिन्स्कचा. २०१८ च्या 'एताझी' या अल्बममधलं गाणं, शब्द बोरिस रिझी या कवीचे. भाषा कळत नव्हती तरी रोज ऐकायचे. मग कुणीतरी लिहिलं की हे जॉय डिव्हिजनसारखं आहे, तेव्हा ते ऐकलं. म्हणजे नातवंडाकडून आजोबांकडे गेले.

प्लीज हसू नका.

टेपडेक | ६ ऑगस्ट, सकाळी ८:१५

हसत नाही, पण एक सांगतो. त्या गाण्यात मूळचं काय आहे? ड्रम मशीन, एको, खोल आवाज. १९८१ ची झेरॉक्स. नव्या बॅण्डांचा हाच त्रास आहे, चेहरा उचलतात.

सासर_लीड्स | ६ ऑगस्ट, दुपारी १:४०

टेपडेक, हे काही पटलं नाही. हाच आरोप २००२ मध्ये इंटरपोल या बॅण्डवर झाला होता आणि आज त्यांचा पहिला अल्बम तुमच्यासारखेच लोक डोक्यावर घेतात.

ड्राय क्लीनिंगचा 'न्यू लाँग लेग' (२०२१) ऐका. फ्लॉरेन्स शॉ गातच नाही, बोलते. बसस्टॉपवर शेजारीण फोनवर बोलताना अर्धवट कानावर पडावं तसं. हे १९८१ मध्ये कुठे होतं? डब्लिनच्या फॉन्टेन्स डी.सी.चा 'डॉग्रेल' (२०१९) ऐका, डब्लिनचा हेल जसाच्या तसा ठेवलाय. डेट्रॉइटचा प्रोटोमार्टर घ्या, गायक जो केसी ऑफिसातून सुटून आलेल्या थकल्या कारकुनासारखा उभा राहतो. नॉटिंगहॅमचे स्लीफर्ड मॉड्स, दोनच माणसं, एक शिव्या देतो, दुसरा लॅपटॉपचं बटण दाबून डोलत उभा.

मृगजळ, तू बरोबर रस्त्याने आलीस. सगळे रस्ते बरोबरच असतात तसे, पण तुझा स्वस्त पडला.

डॉक्टर_बर्फ | ६ ऑगस्ट, रात्री ९:२५

मोल्चात दोमा निघालंच आहे तर त्यांच्याही आजोबांबद्दल लिहू दे.

मी एमबीबीएस रशियात केलं, हॉस्टेलात सहा वर्षं. तिथे प्रत्येक पोराला किनो पाठ. लेनिनग्राडचा बॅण्ड, गायक व्हिक्टर त्सोई. सरकारी रेकॉर्ड कंपनी एकच, तिथे यांना कोण विचारणार? मग सापडेल त्या जागी रेकॉर्डिंग करायचं आणि रिळावरून रिळावर कॉपी होत होत देशभर जायचं. १९८२ च्या पहिल्या अल्बमचं नाव 'पंचेचाळीस', कारण तो भरला तेवढ्या मिनिटांचा. पोट भरायला त्सोई बॉयलरच्या खोलीत कोळसा टाकायचा. देशभर गाणी चालू आणि गाणारा भट्टीपाशी. ती खोली आज त्याच्या नावाचं छोटं संग्रहालय आहे, मी दोनदा जाऊन आलो. २८ व्या वर्षी गाडीच्या अपघातात गेला, १५ ऑगस्ट १९९०. तारीख मला विसरणं शक्य नाही, आमचं झेंडावंदन झालं की हॉस्टेलच्या दुसऱ्या टोकाला त्यांची गिटार सुरू व्हायची.

'ग्रुप्पा क्रोवी' (१९८८) पासून सुरू करा. क्युअर आवडणाऱ्या माणसाला पहिल्या मिनिटात घरी आल्यासारखं वाटेल.

एकच गंमत. मी त्यांना म्हणायचो किनो लावा, ते मला म्हणायचे 'जिमी जिमी' म्हण. मिथुनदांचा 'डिस्को डान्सर' तिकडे एवढा चाललेला की माझ्या प्राध्यापकीणबाईंनाही चाल पाठ. असा सौदा ठरला: एक जिमी, एक त्सोई. सहा वर्षांत मी किती जिमी गायलो असेन याचा हिशोब नाही.

खवट | ६ ऑगस्ट, रात्री ९:३३

या धाग्यात पहिल्यांदाच ओळखीचं गाणं आलं. धन्यवाद डॉक्टर.

शिवोलीचा_पाव | ७ ऑगस्ट, सकाळी ११:००

बप्पीदा आले तर आमच्या गावालाही येऊ द्या. स्वतः करून स्वतः विकायची गोष्ट निघाली म्हणून. १९८४ मध्ये रेमो फर्नांडिसने आमच्या शिवोलीत घरी बसून 'गोवन क्रेझी' रेकॉर्ड केला, वाद्यं-आवाज सगळं स्वतः, आणि कॅसेटी पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी स्वतः पोचवल्या. सूर पोस्ट-पंक नव्हे, पण स्कूटर नक्कीच पोस्ट-पंक.

आणि मुंबईच्या चरणजित सिंगना विसरू नका. १९८२ मध्ये रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने पुन्हा काढल्यावर जग म्हणालं, अरे हे तर ऍसिड हाउस (यंत्रांवरचं नाचाचं संगीत), तेही ते जिथे जन्मलं त्या शिकागोच्या आधी! न्यू ऑर्डरचं 'ब्लू मंडे' मार्च १९८३ चं. म्हणजे मशीनवर नाचवण्यात आम्ही एक वर्ष पुढे.

टेपडेक | ७ ऑगस्ट, सकाळी ११:२०

चरणजित सिंग थोर, पण पोस्ट-पंक नाहीत. न्यू वेव्हही नाहीत. त्यांना त्यांच्या जागी राहू द्या.

मधुरा_नाही | ७ ऑगस्ट, सकाळी ११:२४

भिंत नंबर दोन.

निळी_शाई | ७ ऑगस्ट, दुपारी ४:१५

मला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण 'अननोन प्लेझर्स'च्या मुखपृष्ठाच्या त्या टी-शर्टाबद्दल सांगायलाच हवं. पांढऱ्या रेघांचे डोंगर. लिंकिंग रोडला शंभर ठिकाणी टांगलेला असतो.

मी नारायणगावची. आमच्या शेजारी खोडदला तीस प्रचंड अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. विज्ञान दिनाला ती लोकांना बघायला खुली असते. धाकट्या भावाने तो टी-शर्ट घालून हजेरी लावली. तिथल्या एका संशोधक मॅडमनी थांबवून विचारलं, "हे काय आहे माहितीये?" भाऊ ऐटीत म्हणाला, "जॉय डिव्हिजन." मॅडम म्हणाल्या, "ते कोण? हा पल्सार आहे."

म्हणजे हा १९६७ मध्ये जॉसलिन बेल यांना सापडलेला पहिला पल्सार, ठरावीक अंतराने रेडिओलहरींचे ठोके देणारा तारा. त्याचे ठोके एकाखाली एक मांडून आलेख काढला होता, तो सम्नरने खगोलशास्त्राच्या एका कोशात पाहिला आणि पीटर सॅव्हिलने मुखपृष्ठावर चढवला. दोघेही बरोबर होते. भाऊ आणि मॅडम अर्धा तास एकमेकांना समजावत बसले, मी भेळ खाऊन आले.

दोन_आणे | ७ ऑगस्ट, दुपारी ४:५२

भन्नाट! त्या पल्सारचा आवर्तकाळ १.३३७ सेकंद. साठाला भागून बघितलं: मिनिटाला जवळजवळ ४५ ठोके. म्हणजे ४५ आरपीएम, सिंगलची तबकडी फिरते तसा. आणि वर डॉक्टर म्हणाले किनोचा पहिला अल्बम 'पंचेचाळीस'. आणि खवट पहिल्याच प्रतिसादात 'पंचेचाळीस वर्षांपूर्वीची लाट' म्हणून गेलेत.

मला जरा पाणी द्या कुणीतरी.

खवट | ७ ऑगस्ट, दुपारी ४:५५

मला सगळं आधीच दिसतं.

मृगजळ२२ | ७ ऑगस्ट, रात्री ११:४०

तो टी-शर्ट माझ्याकडेही आहे. पण बॅण्डच्या नावाचा अर्थ परवा वाचला आणि अंगावर काटा आला. नाझी छळछावण्यांतल्या बायकांच्या कोठड्यांवरून घेतलंय, एका कादंबरीतून. आता घालावा की नाही कळत नाही. आणि त्यांचा गायक इयन कर्टिस, त्याच्या मरणावरही लोक जी काव्यं करतात...

सासर_लीड्स | ८ ऑगस्ट, पहाटे २:१०

नावाबद्दल तुझं अवघडणं योग्य आहे. वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी धक्का द्यायला घेतलेलं नाव, त्यावरून त्यांना तेव्हाही बोल लागले. पुढच्या बॅण्डला न्यू ऑर्डर नाव ठेवून त्यांनी तीच चर्चा पुन्हा ओढवून घेतली.

कर्टिसबद्दल मला एवढंच आठवतं की तो मॅक्लस्फील्डमध्ये रोजगार कार्यालयात होता आणि अपंग माणसांना नोकरी मिळवून द्यायचं काम करायचा. फिट्स येणारी एक मुलगी कामासाठी यायची, पुढे ती गेल्याचं त्याला कळलं, त्यावर गाणं झालं. नंतर त्याला स्वतःलाच अपस्मार निघाला. रात्री कार्यक्रम, सकाळी ऑफिस, वर तेव्हाची जड औषधं. अमेरिका दौऱ्याच्या आदल्या दिवशी, १८ मे १९८० ला, त्याने जीव दिला, वय २३. काव्य करणाऱ्यांनी त्या ऑफिसातल्या टेबलाचाही विचार करावा.

टी-शर्ट घाल किंवा घालू नकोस. खोडदला जाताना मात्र घाल.

संपादक_२ | ८ ऑगस्ट, सकाळी ९:००

चर्चा छान चालू आहे. अवांतर प्रतिसाद आवरते घ्यावेत ही विनंती. पोलीस या बॅण्डच्या मुंबईतल्या कार्यक्रमाबद्दल कुणाला प्रत्यक्ष माहिती असल्यास लिहावं (हे अवांतर नाही).

शॉर्टवेव्ह | ८ ऑगस्ट, दुपारी १२:३०

संपादकांच्या आज्ञेवरून: मार्च १९८०. टाइम अँड टॅलेंट्स क्लब या स्त्रियांच्या सेवाभावी संस्थेने मदतनिधीसाठी घडवून आणला होता. माझा एक वर्गमित्र तेव्हा मुंबईत होता, तो शिरला. पुढच्या रांगांत नटूनथटून आलेल्या पारशी बायका, मागे केस वाढवलेली पोरं, आणि थोड्या वेळाने कोण पुढे कोण मागे हे उरलं नाही, असं त्याचं वर्णन. मी त्या दिवशी सांगलीत सहकारी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. पास झालो. अजून पश्चात्ताप आहे.

मधुरा_नाही | ८ ऑगस्ट, दुपारी १:१५

मूळ प्रश्नाकडे येते, उजेडातलं राहूनच गेलं.

यंग मार्बल जायंट्स, कार्डिफचे. 'कलॉसल यूथ' (१९८०) हा एकच अल्बम काढला आणि संपले. ड्रमवाला नाहीच, ठेका टेपवरून. बेस, जरासा ऑर्गन आणि ऍलिसन स्टॅटन स्वतःशी पुटपुटावं तशी गाते. सुतक अजिबात नाही, रविवारी दुपारी सगळे झोपल्यावर घर असतं ना, तसं. ग्लासगोचे ऑरेंज ज्यूस, हसरे आणि थोडे बावळट. जॉर्जियातल्या अथेन्सचे बी-५२'स, पार्टीला या. रेनकोट्स, व्हायोलिन मुद्दाम खरवडलेलं.

आणि वायरचा 'पिंक फ्लॅग' (१९७७). एकवीस गाणी, पस्तीस मिनिटं. गाणं सांगायचं ते सांगून झालं की थांबतं, पुन्हा ध्रुवपद वगैरे नाही. कसाऱ्याला चढायला लागाल तेव्हा लावा, इगतपुरीपर्यंत संपेल.

बेसूर_बाळू | ८ ऑगस्ट, दुपारी १:३०

पस्तीस मिनिटांत एकवीस? आमच्यात एवढ्या वेळात गायक सत्कार स्वीकारून माईक चेक करतो.

कसारा_घाट | २९ ऑगस्ट, रात्री १०:२०

उशिराबद्दल माफी. धागा तीनदा वाचला, वहीत उतरवला आणि रोज ऑफिसच्या वाटेवर एकच अल्बम, आठवडाभर तोच, असा नेम केला. तीन आठवडे, तीन अल्बम. यादी संपवायची सवय आधी मोडावी म्हटलं.

ईएसजी: पहिल्या दिवशीच काम झालं. मुलगी बाथरूममधून ठेका धरते.

द फॉल: शॉर्टवेव्हकाका, तुम्ही म्हणालात तसंच झालं. पहिले चार दिवस काहीच आवडलं नाही. पाचव्या दिवशी सिग्नलला उभा असताना मी त्याच्याबरोबर रागावायला लागलो. शेजारचा रिक्षावाला बघत होता.

'कलॉसल यूथ': बायको चहा घेऊन आली, उभी राहिली, म्हणाली, "ही कोण? हिला गायचंय की नाही?" आणि बसली. पूर्ण ऐकून उठली. दुसऱ्या दिवशी तिनेच लावलं. मधुरा, तुमचे आभार कसे मानू?

टेपडेक, एक कबुली. पब्लिक इमेज लिमिटेडच्या 'मेटल बॉक्स' या अल्बमबद्दल शोधताना कळलं की त्यांनी १९७९ मध्ये त्याच्या तीन तबकड्या खरोखरच्या पत्र्याच्या गोल डब्यात घालून विकल्या, आणि काढताना त्यांच्यावर ओरखडे पडायचे. हे आईला सांगितलं तर म्हणाली, "कागद लावायचा होता मध्ये." चकल्यांना लावतात तसा.

डेल्टा ५ आणि किनो पुढच्या महिन्यात. भाच्याची एक जुनी बेस गिटार पडून होती, ती आणलीये. एक तार नाही. उरलेल्या तीनवर चाललंय.

परवा पुन्हा मुंबईहून येणं झालं. 'पिंक फ्लॅग' बरोबर पायथ्याला सुरू केला. कंटेनर नाही, गर्दी नाही, घाट पटकन संपला. सहा गाणी उरली होती, म्हणून इगतपुरीला चहाच्या टपरीपाशी गाडी लावून बसून राहिलो.

खवट | २९ ऑगस्ट, रात्री १०:२६

चहा कसा होता ते लिहिलं नाहीत.

कसारा_घाट | २९ ऑगस्ट, रात्री १०:३१

घेतलाच नाही. उतरायच्या आत पुढचं गाणं सुरू व्हायचं.